एक्कावन्न टक्के

त्या मार्चमध्ये रूपालीला एका जागी बसवत नव्हतं. शेडमध्ये खुर्ची होती, पण ती उभ्या-उभ्याच डबा खायची. फोन वाजला की दचकायची, आणि बराच वेळ वाजला नाही की उचलून बघायची, रेंज तर गेली नाही ना. दोन ठिकाणांहून उत्तर यायचं होतं. दोन्हीकडून येत नव्हतं.

शेड करमाडला होती, जालना रोडला लागून, कृष्णाच्या वडिलांच्या रानात. तिथं रूपाली आणि कृष्णा मका वाळवायचं यंत्र बनवत होते. ट्रॅक्टरमागं जोडून ते थेट शेतात न्यायचं. दाणे झाडल्यावर उरलेल्या बिट्ट्याच त्याच्या भट्टीत जाळायच्या, वरून ओला मका सोडायचा आणि खालून कोरडा पोत्यात भरायचा. परतीच्या पावसात मका भिजतो, मोंढ्यात व्यापारी दोन दाणे दाताखाली धरतो आणि ओला म्हणून भाव पाडतो. शेतकरी तरी काय करणार, घरी नेऊन कुठं वाळवणार? एवढ्या एका गोष्टीमागं दोघं कॉलेज सुटल्यापासून लागले होते.

आराखडा रूपालीचा होता. पंखा किती फिरवायचा, दाणा किती तापू द्यायचा, हे सगळं तिनं करून, जाळून, पुन्हा करून ठरवलं होतं. कृष्णा गावोगाव हिंडून शेतकरी जमवायचा. माणसं त्याला पटकन वश व्हायची. कंपनी नोंदवताना जागा, ट्रॅक्टर आणि पहिलं लोखंड कृष्णाच्या घरचं होतं, म्हणून त्याचे साठ टक्के आणि रूपालीचे चाळीस असं ठरलं. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ती मुकुंदवाडीहून स्कूटीवर यायची, दोघांचे डबे एकत्र उघडायचे, आणि तिच्या आईचा ठेचा कृष्णा आधी संपवायचा.

यंत्र एकच होतं आणि मागणी वाढली होती. आणखी यंत्रं करायची तर भांडवल पाहिजे. कृष्णानं पुण्यातल्या एका खासगी फंडाकडं शब्द टाकला होता. रूपालीनं अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठी असलेल्या सरकारी निधीत अर्ज केला होता. जे आधी येईल ते घ्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

आधी फोन सरकारी कार्यालयातून आला. अर्ज पुढं सरकला आहे, महिनाभरात तपासणीला अधिकारी येतील. पण कंपनीत अर्जदाराचा वाटा किमान एक्कावन्न टक्के पाहिजे आणि कारभारही तिच्याच हातात पाहिजे. आत्ताचं वाटप चालणार नाही.

करमाडच्या फाट्यावर चहा घेताना तिनं हे कृष्णाला सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा खुलला.

"एवढंच ना? मग करू की एक्कावन्न."

"खरंच?"

"कागदावर करायला काय जातंय? तू एक्कावन्न, मी एकोणपन्नास. आन् आपल्या दोघांत एक साधा कागद करून ठेवू. पैसे आले, तपासण्या उरकल्या, की पुन्हा साठ-चाळीस. आबांच्या ओळखीचा वकील हाय. परवापर्यंत करून देतो म्हणला."

रूपाली थबकली. "तू वकिलाला विचारून पण आलास? तुला कुठून कळलं?"

"अटी त्यांच्या साईटवरच हायेत की. मी मागंच वाचल्या. मग? वेळ हाय का आपल्याकडं?"

वेळ नव्हता, हे खरं होतं. ऑक्टोबरच्या आत यंत्रं उभी राहिली नाहीत तर आणखी एक हंगाम हातचा जाणार होता. ती "बघू" म्हणाली. पण चहा तसाच राहिला. घरी जाताना केंब्रिज चौकात सिग्नल सुटला तरी ती उभीच होती, मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा दाबून तिला जागं केलं. मुकुंदवाडीच्या वळणावर ती वळलीच नाही. पार गुलमंडीच्या बाजारापर्यंत गेली, गर्दीतून गाडी ढकलत एक चक्कर मारली, काहीच न घेता परत आली.

घरी तिचे वडील बन्सी टीव्ही बघत होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवून ते निवृत्त झाले होते. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सही कर," ते म्हणाले. "पैसा बाबासाहेबांमुळं मिळतोय, आपल्या हक्काचा हाय. आधी पदरात पाडून घे. भांडण काय, नंतर करता येतं."

"आणि तो दुसरा कागद?"

"दोस्त हाय ना तुझा? मग?"

भामाबाई, तिची आई, भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तवाबी तुम्ही हेच म्हणला होता," ती म्हणाली.

"कवा?"

"मी सरपंच झाले तवा."

रूपालीला हे माहीत होतं, म्हणजे एवढंच माहीत होतं की ती लहान असताना, बाबा शहरात नोकरीला आणि आई अजिंठ्याकडच्या गावी होती तेव्हा, राखीव जागेवर आई पाच वर्षं सरपंच होती. घरात त्याचा एक फोटोही होता. आईनं त्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, आणि रूपालीनंही विचारलं नव्हतं.

"शिक्का त्यांच्या खिशात असायचा," भामाबाई म्हणाली. "ज्यांनी मला उभं केलं, त्यांच्या. सही घ्यायला माणूस आपल्या दारात यायचा. मी चुलीपुढून उठायचे, हात पुसायचे, तो बोट ठिवून दाखवायचा, तिथं सही करायचे. कशावर करते ते विचारलं की म्हणायचा, गावाचं भलं हाय मावशी. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी तेवढी माझ्या हातात दिली, आन् गाठ त्यानं सोडली. तुझ्या बापाला पत्रात कळवलं, तर ह्यांनी लिहिलं, आधी सही कर, भांडण नंतर करू. पाच वर्षं गेली. नंतर काय भांडायचं, आन् कुणाशी?"

बन्सींनी टीव्हीचा उरलेला आवाजही बंद केला. टीव्हीवर बिनआवाजाच्या बातम्या चालू होत्या.

"मी तुला कर नको म्हणत नाय," भामाबाई म्हणाली. "तुझं तू बघ. पर एकदा सही केली की लोक तीच सही मागायला पुन्हा येत्यात, एवढं ध्यानात ठिव."

दुसऱ्या दिवशी रूपालीनं शेडमध्ये शिरताच सांगून टाकलं. थांबली असती तर तिला जमलं नसतं.

"कृष्णा, एक्कावन्न करायचं तर खरं करायचं. मागचा कागद नको."

कृष्णा ब्लोअरचा पट्टा बसवत होता. त्याला आधी ती गंमत करतेय असं वाटलं. मग त्यानं पाना खाली ठेवला.

"माझ्यावर विश्वास नाय का तुझा?"

"आहे. पण तुझा माझ्यावर असता, तर तुला कागद कशाला लागला असता?"

"तसं नाय गं. आबांनी घातलंय ह्याच्यात. जागा, ट्रॅक्टर. त्यांना मी काय सांगू?"

"मी जे घातलं ते दिसत नाय म्हणून मोजायचं नाय का?"

त्यानं पाना पुन्हा उचलला. शेडच्या दारात त्याचे वडील काकासाहेब, म्हणजे त्याचे आबा, उभे होते. पांढरं धोतर, हातात मोटारीची किल्ली. ते कधी आले, दोघांनाही कळलं नव्हतं. काकासाहेब वाईट माणूस नव्हते. पहिल्यांदा यंत्र पेटलं तेव्हा त्यांनीच नारळ फोडला होता.

"लेकी," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरातल्या घरात एका कागदाचं काय एवढं?"

"काका, घर तुमचं आहे," रूपाली म्हणाली. बोलून झाल्यावर तिचेच कान तापले.

त्यानंतर कृष्णा दोन दिवस शेडकडं फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो पुण्याच्या माणसाला घेऊनच.

सुदर्शन त्या खासगी फंडाचा भागीदार होता. पायात स्पोर्ट शूज, बोलणं नेमकं, आणि ऐकताना पूर्ण लक्ष देऊन ऐकणारा. त्यानं यंत्राभोवती एक चक्कर मारली, कोरडे दाणे हातात घेऊन बघितले, छान आहे म्हणाला. मग त्यानं कृष्णाच्या फोनमधली शेतकऱ्यांची नावं बघितली आणि ती बघण्यात तो कितीतरी वेळ रमला. कुणाकडं किती मका, कापणी कधी, कोण उधारी ठेवतो, कोण ठेवत नाही.

"तुमच्याकडं खरी किंमत ह्याची आहे," तो कृष्णाला म्हणाला. "यंत्र कुणाचंही भाड्यानं लावता येईल. ॲप बनवा, बुकिंग घ्या. पुढच्या वर्षी तीन जिल्हे, मग राज्य. तुम्ही पुण्याला या, तिथं टीम देतो. दहा दिवसांत पैसे."

"आणि यंत्र?" रूपालीनं विचारलं.

सुदर्शन तिच्याकडं वळला. "मॅडम, स्पष्ट बोलू का? लोखंड बनवणाऱ्या कंपनीत आम्ही पैसे घालत नाही. वाढायला वेळ लागतो. आणि निर्णय घेणारा एकच माणूस असला की आम्हाला सोपं जातं. तो कृष्णा आहे असं मला वाटतं. तुम्ही डिझाइन बघा, तुमचाही वाटा राहील." किती राहील ते त्यानं सांगितलं. रूपालीच्या चाळीसातला तो एक कोपरा होता.

"आम्ही सरकारी निधीलाही अर्ज केलाय."

"चांगलाय तो. वाईट म्हणणार नाही मी," सुदर्शन म्हणाला. "फक्त हळू आहे. आणि मका तुमच्यासाठी थांबत नाही."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच तो गेल्यावर रूपालीचं कशात लक्ष लागेना. तिनं ब्लोअर उघडला, साफ केला, पुन्हा बसवला. तो साफच होता. यंत्राशिवायची यंत्राची कंपनी कशी असेल, हे तिला डोळ्यांपुढं आणता येत नव्हतं. आपण अडून बसलोय का, ह्या शेतकऱ्यांचं आपल्या अडण्यानं नुकसान होतंय का, हा एक विचार. आणि त्याला लागूनच दुसरा, की साठ-चाळीस तेव्हा चालत होतं, मग आजच काय झालं? कृष्णाला तिनं विचारलं, तू काय ठरवलंस. तो म्हणाला, तपासणी तर होऊ दे.

तपासणीला आलेल्या प्रेरणा मॅडम तिच्याच वयाच्या निघाल्या. बसनं आल्या होत्या, ओढणीनं चेहरा बांधलेला, उन्हानं दमलेल्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "चालवून दाखवा."

मका आदल्या दिवसापासून भिजवून ठेवला होता. रूपालीनं बिट्ट्या पेटवल्या, कृष्णानं सवयीनं घमेलं उचललं आणि वरून मका सोडायला लागला. त्यानं किती सोडायचा आणि कधी थांबायचं हे तिला सांगावं लागत नव्हतं. तासाभरानं खालून दाणे पडायला लागले, गरम आणि कोरडे. प्रेरणा मॅडमनी ओलावा मोजून घेतला. मग वही मिटून विचारलं, "कंपनीचे निर्णय कोण घेतं?"

"आम्ही दोघं," कृष्णा म्हणाला.

"मी ह्यांना विचारलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "राग मानू नका. यावर्षी मी बऱ्याच ठिकाणी गेले. पुष्कळ ठिकाणी मालकीणबाई चहा घेऊन बाहेर येतात आणि कप घेऊन आत जातात. म्हणून विचारावं लागतं."

कृष्णा रूपालीकडं बघत होता. त्याच्या बघण्यात धमकी नव्हती, विनंती होती, आणि तेच तिला जड गेलं. 'मीच घेते' एवढे दोन शब्द म्हटले असते तर कागद पुढं सरकला असता.

"आजवर यंत्राचे निर्णय मी घेतले आणि पैशाचे ह्यांनी," ती म्हणाली. "यापुढं पैशाचेही मीच घेणार. हे ह्यांना पटलंय का, मला अजून माहीत नाही. पटलं तर राहतील. नाही पटलं तर मी एकटीनं करीन. कुठलाही दुसरा कागद आमच्यात होणार नाही."

प्रेरणा मॅडमनी वही पुन्हा उघडली. त्या लिहायला लागल्या. कृष्णा घमेलं ठेवून बाहेर निघून गेला.

मॅडम गेल्यावर तो तिला विहिरीपाशी सापडला.

"माझी इज्जत काढलीस तू. परक्या माणसापुढं."

"मला खोटं बोलायचं नव्हतं."

"मग मला आधी सांगायचं."

"आधीच सांगितलं होतं, कृष्णा. तू दोन दिवस आला नाहीस."

तो वळून विहिरीत बघायला लागला. मग म्हणाला, "मी सुदर्शनकडं चाललो. आबांपुढं तुझ्या हाताखाली नाय काम करू शकत मी. खरं सांगतो. दुसरं कुणी असतं तर कदाचित."

"दुसरं कुणी म्हणजे?"

त्यानं एक खडा उचलून विहिरीत टाकला. तिनं पुन्हा विचारलं नाही. इतक्या वर्षांत दोघांनी हा विषय कधी काढला नव्हता, आणि न काढताच तो त्या दिवशी मधे येऊन बसला.

वाटणी भांडणाशिवाय झाली, कंपनीतला आपला वाटा कृष्णानं तिच्या नावावर केला. "यंत्र ठेव तू, कंपनीचं नावबी ठेव," कृष्णा म्हणाला. "मला त्याचं काय करायचंय." शेतकऱ्यांचे नंबर तो घेऊन गेला. त्यातलं जास्त मोलाचं काय होतं, हे रूपालीला पुढं पावसाळ्यात कळलं. काकासाहेबांनी ट्रॅक्टर सोडवून घेतला, पण शेड रिकामी करायची घाई केली नाही. मे संपता संपता तिनं चिकलठाण्याला एक लहानसा गाळा भाड्यानं घेतला. बन्सींनी निवृत्तीच्या पैशातून त्याची अनामत भरली. वेल्डिंगला धम्मपाल नावाचा ओळखीतला कारागीर आला.

निधी मंजूर झाल्याचं पत्र जुलैत आलं. पैसे आले नाहीत. आधी स्वतःचा हिस्सा बँकेत दाखवायचा होता, मग भाडेकराराची नोंदणी, मग लोखंडाची तीन-तीन ठिकाणची दरपत्रकं, मग साहेब बदलीवर गेलेले. रूपाली आठवड्यातून एकदा कार्यालयात जायची. प्रेरणा मॅडम भेटल्या की म्हणायच्या, "वरच्या टेबलावर आहे हो." त्यांच्याही हातात तेवढंच होतं.

ऑक्टोबर आला आणि परतीचा पाऊस दाबून लागला. तिच्याकडं तेच एक जुनं यंत्र आणि भाड्याचा ट्रॅक्टर. शेतकऱ्यांचे नंबर नव्यानं जमवलेले. ती आणि धम्मपाल एका गावाहून दुसऱ्या गावाला चिखलातून यंत्र ओढत फिरले. लाडसावंगीच्या पुढं सारजाबाई नावाच्या एका म्हातारीनं चार दिवसांपासून बोलावलं होतं. ते पोचले तेव्हा ताडपत्रीखालच्या ढिगाला पांढरे कोंब फुटले होते. हात घातला तर आतून ऊब लागली.

"मावशी, वाटेत ट्रॅक्टर फसला," रूपाली म्हणाली.

सारजाबाई चिडली नाही. तिनं कोंब आलेले दाणे एका बाजूला सारले, म्हणाली, "यंत्र चांगलं हाय गं तुझं. पर एकच हाय."

जेवढा चांगला होता तेवढा मका त्यांनी वाळवून दिला. रूपालीनं पैसे घेतले नाहीत. परतताना ट्रॅक्टरवर धम्मपालशेजारी बसून ती मनातल्या मनात हिशेब करत होती. त्या दिवशी 'मीच घेते' म्हटलं असतं तर? पुण्याचे पैसे घेतले असते तर ह्या म्हातारीकडं वेळेवर कुणी आलं असतं का? आलं असतं, कदाचित. भाड्याचं, दुसऱ्या कुणाचं तरी यंत्र. हिशेब कुठंच जुळेना.

दिवाळीनंतर निधीचा पहिला हप्ता जमा झाला, आणि त्याच आठवड्यात कृष्णाचा फोन आला. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

"कशी हायेस?"

"बरी. तू?"

"बुकिंग लई आलं यंदा," तो म्हणाला. "पर भाड्याची मशिनं दाणा जाळतात. शेतकरी शिव्या देतात मला. रूपा, तुझी दहा मशिनं दे. ॲडव्हान्स देतो, सगळा. फक्त एकच, दुसऱ्या कुणाला द्यायची नाय. तू बनवलेली सगळी आमच्याकडंच."

तिला त्या दहा यंत्रांचा आवाज ऐकू आला. एकाच झटक्यात गाळा मोठा घेता आला असता.

"तीन देते," ती म्हणाली. "बाकीची माझी मी चालवणार."

"तीनचं मला विचारावं लागंल."

"कुणाला?"

"सुदर्शनला. आता सगळंच विचारावं लागतं."

"मलापण," ती म्हणाली. "पत्रा घ्यायचा तरी तीन दुकानांचे दर जोडावे लागतात." पलीकडं तो हसला. तीही हसली. मग विचारून सांगतो म्हणून त्यानं फोन ठेवला.

दोन दिवसांनी त्यानं कळवलं, सुदर्शनला सगळी पाहिजेत नाहीतर एकही नको. "ऐक माझं, हो म्हण," तो म्हणाला. "तुझ्या भल्याचं सांगतोय."

"नको," रूपाली म्हणाली.

"मग मी दुसऱ्याकडून बनवून घेऊ? तुझ्या मशिनसारखंच?"

"घे. दाणा जाळणार नाही असं बनव म्हणावं."

फोन ठेवून ती गाळ्यातला पसारा आवरायला लागली. बरोबर केलं की चुकलं, हे तिला कळत नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. घरी बन्सींना कळलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. भामाबाईनं काय म्हटलं असतं, ह्याचा अंदाज तिला आता करता येत नव्हता. पहिल्या हप्त्यात दोन यंत्रं जेमतेम बसत होती, दुसरा हप्ता त्याचा हिशेब दिल्याशिवाय येणार नव्हता, आणि उन्हाळी मक्याची कापणी एप्रिलमध्ये येणार होती.

गाळ्याबाहेर टेम्पो येऊन थांबला होता. पत्रा आला होता. धम्मपालनं एक टोक धरलं आणि हाक मारली, "ताई, दोनच मशिनांचा कापू का तिसऱ्याचाबी?"

"तिसऱ्याचापण काप," ती म्हणाली, आणि दुसरं टोक धरायला बाहेर गेली.